एटना पर्वताची अर्धी चढण

बेळगावच्या उत्तरेस आणि सह्याद्रीच्या घाटांतून प्रवास करताना जो काळा पाषाण ठिकठिकाणी दिसतो, तो एके काळी वाहता शिलारस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो भूमीच्या भेगांतून बाहेर पडला, थरावर थर साचले आणि त्यांतून आपले डोंगर व कडे घडले. हा अग्नी केव्हाच निवाला. त्याच पाषाणात आपण विहिरी खोदल्या, त्याच्याच चिऱ्यांनी घरांची जोती बांधली. आज भारतात जागृत ज्वालामुखी एकच, तोही दूर अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावर. त्यामुळे जळता डोंगर दाराशी घेऊन नांदणे म्हणजे काय, याची कल्पना आपल्या खेड्यांतील कुटुंबांना सहसा येत नाही.

इटलीच्या दक्षिणेस सिसिली नावाचे मोठे बेट आहे. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर कातानिया हे शहर वसले असून शहराच्या मागे एटना पर्वत उभा आहे. त्याची उंची ३,३०० मीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. प्रत्येक मोठ्या उद्रेकानंतर ती थोडीफार बदलते. १६६९ साली या पर्वताच्या अंगातून निघालेला शिलारस कातानियाच्या तटापर्यंत आला आणि शहराचा पश्चिमेकडील काही भाग गिळून समुद्रास मिळाला. १९२८ च्या नोव्हेंबरात मास्काली हे गाव जवळजवळ संपूर्ण गाडले गेले. गावकरी मात्र वेळीच बाहेर पडले आणि वाचले. असे असूनही लोक हा डोंगर सोडून जात नाहीत, कारण त्याच्याच राखेने सुपीक झालेल्या मातीत त्यांची द्राक्षे आणि संत्री पिकतात.

या लोकांची श्रद्धाही डोंगराच्या छायेतच वाढली. कातानियाची आश्रयदाती संत आगाथा इ. स. २५१ मध्ये हुतात्मा झाली. पुढच्याच वर्षी तिचे कफनवस्त्र पुढे धरताच शिलारस थांबला, अशी परंपरा तेथे सांगतात. १८८६ साली निकोलोसी गावावर अग्निप्रवाह चालून आला, तेव्हा कातानियाचे महागुरू दुस्मेत ते वस्त्र घेऊन भयभीत लोकांसह प्रार्थना करीत डोंगराकडे चालत गेले. प्रवाह गावाबाहेरच थांबला. दुस्मेत पुढे कार्डिनल झाले आणि १९८८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

२०१८ च्या सप्टेंबरात आमचे कातानियास जाणे झाले. आमचा भाचा जहाजावर नोकरीस आहे. त्याचे जहाज सिसिलीच्या बंदरास लागले होते आणि त्याला एका दिवसाची सुट्टी मिळाली. रात्री जेवताना तो म्हणाला, “मामा, तुम्ही एवढ्या लांब आलात, तर उद्या एटनाचे तोंड पाहूनच येऊ.” त्या वेळी शहरातून सकाळी एकच सार्वजनिक मोटार डोंगराकडे जात असे व दुपारी साडेचारच्या सुमारास परत निघत असे. मोटार थांबते ती जागा सुमारे १,९०० मीटरांवर आहे. तेथून २,५०० मीटरांपर्यंत लोखंडी दोरावरील पाळणे जातात. भाडे वाचवावे म्हणून भाच्याने पायवाट धरली आणि आम्ही त्याच्यासोबत निघालो.

आमच्या पायांत जाड बूट होते, ते गुडघ्याच्या दुखण्यामुळे वैद्यांनी घालावयास लावलेले. भाच्याच्या पायांत कापडी जोडे, अंगात पातळ सदरा, पिशवीत पाण्याची एक लहान बाटली आणि दोन पाव. खाली कातानियात घाम निथळत होता. परंतु दर हजार मीटरांस हवा सुमारे सहा अंशांनी थंड होत जाते आणि तीन हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जेमतेम सत्तर टक्के उरतो. वाट म्हणजे काळ्या, भुसभुशीत खड्यांची रास. दोन पावले चढावे आणि एक पाऊल घसरावे, असा प्रकार. पाळण्याच्या वरच्या थांब्यापर्यंत पोचलो तेव्हा बाटली रिकामी झाली होती. तरीही तो पुढे निघाला. आणखी तासभर चढल्यावर पाहता पाहता ढग उतरला आणि दहा पावलांपलीकडील माणूस दिसेना.

त्या ढगातून एक वृद्ध वाटाड्या आपली मंडळी घेऊन खाली येत होता. त्याने भाच्याच्या जोड्यांकडे पाहिले, मग मनगटावरील घड्याळावर बोट ठेवले आणि एक शब्दही न बोलता पुढे गेला. आम्ही तेथेच थांबलो. भाच्याचे ओठ निळसर झाले होते. “अजून थोडेच राहिले आहे, मामा,” तो म्हणाला. आम्ही म्हणालो, “तुझ्या जहाजावर वादळाचा इशारा आला म्हणजे कोणाचा शब्द चालतो?” “कप्तानाचा.” “मग आज येथे कप्तान आम्ही. तुझ्या आईने तुला आमच्या हवाली केले आहे. फिर माघारी.”

तो रागावला. उतरताना बराच वेळ बोलला नाही. खड्यांवर पाय घसरून त्याचा तळहात सोलला गेला, तेव्हा आमचा रुमाल त्याने मुकाट्याने बांधून घेतला. साडेचारच्या मोटारीत आम्ही बसलो तेव्हा त्याच्या जोड्यांचे तळ फाटलेले होते. शिखर कोणी पाहिले नाही. रात्री त्याने आईस दूरध्वनी केला. फाटलेल्या जोड्यांविषयी तो तिच्याशी बोलला नाही. पण “मामांनी परत आणले,” एवढे मात्र सांगितले.

येथे एक शंका कोणी घेईल. महागुरू दुस्मेत जळत्या प्रवाहासमोर गेले, तर तरुणाने शिखराकडे जाण्यात काय वावगे? फरक हेतूचा आहे. दुस्मेत गेले ते आपल्या कळपासाठी; त्यांचे जाणे कर्तव्य होते. केवळ कुतूहलासाठी जीव धोक्यात घालून देव सांभाळील म्हणणे हा विश्वास नव्हे. ती देवाची परीक्षा पाहणे होय, आणि मंदिराच्या शिखरावर उभा केला असता आपल्या प्रभूने नेमका हाच मोह झिडकारला. ज्वालामुखी तर कुतूहलाची पर्वा करीत नाही. १२ सप्टेंबर १९७९ रोजी एटनाच्या मुखाजवळ अकस्मात स्फोट होऊन नऊ पर्यटक ठार झाले. २ जून २०२५ रोजी मुखाचा काही भाग कोसळून तप्त राखेचा लोट उठला आणि डोंगरावरील लोकांना धावत सुटावे लागले; देवकृपेने कोणाची प्राणहानी झाली नाही.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दाखला प्रभूने दिला आहे. चर्चच्या शिकवणुकीत सुज्ञतेला सर्व सद्गुणांचा सारथी मानले आहे. सारथी कधी घोडे पळवतो, तर कधी लगाम खेचतो. लगाम खेचणाऱ्याला भित्रा म्हणू नये.

आपले मुलगेही पावसाळ्यात आंबोलीच्या धबधब्यांकडे नाहीतर एखाद्या किल्ल्यावर जातात. त्यांनी जरूर जावे. परमेश्वराची सृष्टी पाहण्यासाठीच आहे. परंतु आईबापांनो, घरातून निघण्यापूर्वी त्यांच्या पायांतील जोडे पाहा, पाणी व गरम कपडा आहे की नाही ते पाहा, आणि कोठे जाणार व किती वाजता मागे फिरणार हे त्यांच्या तोंडून वदवून घ्या. सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसाला मागे फिरण्याचा हुकूम देण्याचा अधिकार सर्वांसमक्ष द्या. आणि मुलगा शिखर न गाठता संध्याकाळी घरी आला, तर त्याची थट्टा करू नका. त्याला गरम जेवण वाढा आणि रात्रीच्या जपमाळेत देवाचे आभार माना.