‘स्प्लांख्ना’ आणि ‘कळवळा’ : नव्या करारातील एका देहवाचक शब्दाचा आध्यात्मिक अर्थ

प्रस्तावना :
देहाच्या अवयवांवरून भावनांना नावे देण्याची प्रवृत्ती अनेक भाषांत आढळते. मराठीत आतडे तुटते, काळीज पिळवटते, माणूस पोटतिडकीने बोलतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील ‘स्प्लांख्ना’ हा शब्द याच जातीचा आहे. मराठी अनुवादाच्या आधारे त्याचा आध्यात्मिक अर्थ स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मूळ अर्थ :
‘स्प्लांख्ना’ म्हणजे हृदय, फुप्फुसे, यकृत इत्यादी आंतरिक अवयव. ग्रीक यज्ञविधीत बळी दिलेल्या पशूचे हे अवयव भाजून भक्षण केले जात. अभिजात ग्रीक साहित्यात ते क्रोधासारख्या प्रबळ विकारांचे स्थान मानले गेले. नव्या करारात यहूदाच्या मृत्यूच्या वर्णनात हा शब्द ‘आतडी’ याच अर्थाने येतो. अन्यत्र मात्र तो माया व करुणा यांचा वाचक होतो. हिब्रूतील समांतर उदाहरण येथे लक्षणीय ठरते. ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय, तर ‘रहामीम’ म्हणजे दया. मराठीभाषकांना परिचित असलेला ‘रहम’ हा अरबी शब्दही याच कुळातील होय.

क्रियापदाचा उपयोग :
या नामापासून झालेले ‘स्प्लांख्निझोमाय’ हे क्रियापद नव्या करारात 12 वेळा येते आणि तेही केवळ मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत. ते येशूविषयी किंवा त्याच्या दृष्टान्तांतील पात्रांविषयीच योजले आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टान्तात याजक, लेवी आणि शोमरोनी हे तिघेही जखमी वाटसरूला पाहतात. पहिले दोघे बाजूने निघून जातात. शोमरोन्याच्या बाबतीत मात्र पाहणे आणि जखमा बांधणे यांच्यामध्ये हे क्रियापद येते. रोग्याला बरे करणे, भुकेल्यांना जेवू घालणे, ऋण सोडणे अशी कृती बहुतेक ठिकाणी त्याच्यामागून येते. स्टोइक तत्त्वज्ञांनी विकारमुक्त मनाला आदर्श मानले होते. शुभवर्तमानांतील ख्रिस्त मात्र परदुःखाने आतून हेलावतो.

मराठी प्रतिशब्द :
प्रचलित मराठी बायबलमध्ये या क्रियापदासाठी अनेक ठिकाणी ‘कळवळा येणे’ अशी योजना आहे. ‘दया’ हा शब्द देणारा व घेणारा यांतील अंतर कायम ठेवू शकतो. ‘कळवळणे’ हे क्रियापद मात्र भुकेने वा वेदनेने होणाऱ्या शारीरिक तळमळीसाठी आजही वापरले जाते. म्हणून ‘कळवळा’ या शब्दात परक्याची वेदना स्वतःच्या देहात उतरते. तुकोबांच्या अभंगांतून हा शब्द मराठी मनात आधीच रुजलेला होता. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचा अनुवाद करणाऱ्या पंडिता रमाबाईंनीही सामान्य स्त्रियांना उमजेल अशा सुबोध मराठीचाच आग्रह धरला होता.

समारोप :
‘स्प्लांख्ना’ या शब्दाच्या योजनेत देह हा अध्यात्मातील अडथळा ठरत नाही. करुणेचा उगम तेथेच होतो. कृतीपर्यंत न पोहोचणारी सहानुभूती या शब्दाच्या कक्षेत क्वचितच येते. मराठीने ‘कळवळा’ या घरगुती शब्दाने हा अर्थ देहासह जपला आहे.