मूळ संख्यांचा उपयोग काय?

‘गुरुजी, मूळ संख्या शिकून उपयोग काय?’ सातवीतल्या मुलाचा हा प्रश्न शिक्षकाचीच परीक्षा पाहतो. म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात प्रथम त्यांच्याच हाती कागद-पेन्सिल द्यावी. ५३ गुणिले ६१ किती? ३२३३, मिनिटाचे काम! उलट नुसते ३२३३ देऊन अवयव विचारावेत. २ पासून ५३ पर्यंतच्या सोळा मूळ संख्यांनी भागत बसावे, तेव्हा कुठे उत्तर सापडते!

संख्यासिद्धांताचा युद्धासाठी उपयोग अजून कोणाला सापडलेला नाही, असे हार्डी या इंग्रज गणितज्ञाने १९४० साली लिहिले होते. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच दमछाकीतून गुप्तलेखनाचे कुलूप घडवले. त्यातल्या संख्या मात्र शेकडो अंकी!

ही दमछाक स्वतः अनुभवलेला शिक्षक ‘परीक्षेत येते’ एवढ्यावर मुलाची बोळवण करणार नाही.