पूर्णाकाठचा निवारा

आपत्तीत घर सोडावे लागलेल्या माणसांची राहण्या-जेवण्याची, औषधपाण्याची आणि सुरक्षिततेची सोय करणारी तात्पुरती निवारा केंद्रे बुलडाणा जिल्ह्यात सर्वाधिक लागतात ती पूर्णेच्या खोऱ्यात. सातपुड्यात उगम पावलेली पूर्णा या जिल्ह्याच्या उत्तर भागातून वाहत जाऊन चांगदेवजवळ तापीला मिळते. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा आणि मलकापूर हे तालुके तिच्या दोन्ही काठांवर पसरलेले आहेत. उत्तरेकडून सातपुड्याचे नाले काही तासांत पाणी आणतात, तर दक्षिणेकडून ज्ञानगंगेसारख्या नद्या येऊन मिळतात. जुलै 2023 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी झालेल्या अतिवृष्टीने संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील गावांना पाण्याचा वेढा पडला होता. अशा वेळी आसरा देऊ शकणाऱ्या गावांत नांदुऱ्याचे स्थान मोक्याचे आहे. भुसावळ-नागपूर लोहमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग 53 या गावाजवळून जातात. येथे नगर परिषद आहे, तहसील कार्यालय आहे, बाजार समितीचे आवार आहे.

जबाबदारी कोणाची

आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. तालुक्याच्या पातळीवर काम तहसीलदारांच्या हाताखाली चालते. याच कायद्याच्या कलम 65 प्रमाणे गरजेच्या वेळी इमारत, वाहन किंवा साहित्य ताब्यात घेता येते आणि मालकाला त्याचा मोबदला देण्याचीही तरतूद आहे. तरीही मंगल कार्यालयाचा मालक, शाळेचे मुख्याध्यापक आणि बाजार समितीचे सचिव यांच्याशी उन्हाळ्यातच बोलणी करून लेखी संमती घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. मध्यरात्री किल्ली कोणाकडे मिळेल, हे त्या कागदावर नावानिशी आणि दूरध्वनी क्रमांकासह असावे लागते.

जागेचे गणित

आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम 12 खाली राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मदतीची किमान मानके ठरवून दिली आहेत. त्यानुसार माणशी 3.5 चौरस मीटर छताखालची जागा, 30 माणसांमागे एक शौचालय, रोज माणशी 3 लिटर पिण्याचे पाणी आणि स्नान-शौचासाठी 15 लिटर पाणी, तसेच प्रौढ माणसाला दिवसाला 2,400 कॅलरी मिळतील एवढे अन्न द्यावे लागते. स्त्रियांची शौचालये आणि न्हाणीघरे वेगळी असावीत आणि ती निवाऱ्यापासून 50 मीटरपेक्षा लांब नसावीत, असेही ही मानके सांगतात.

कागदावर साधे वाटणारे हे आकडे जागेवर मोजले की डोळे उघडतात. 20 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद सभागृहात 300 चौरस मीटर जागा असते. लग्नात तिथे पाचशे पाहुण्यांची पंगत उठत असेल, पण मानकाप्रमाणे झोपण्या-राहण्यासाठी ती जागा जेमतेम 85 जणांना पुरते. 45 चौरस मीटरच्या वर्गखोलीत 12 माणसे मावतात. म्हणजे एक हजार लोकांसाठी अशा 84 खोल्या, 34 शौचालये आणि रोज 18,000 लिटर पाणी हवे. एका शाळेच्या भरवशावर हे होण्यासारखे नाही. दोन-तीन शाळा, एखादे महाविद्यालय आणि मंगल कार्यालये यांचा मिळून एक समूह करावा लागतो. त्याचे स्वयंपाकघर आणि नोंदणी मात्र एकत्र ठेवता येते.

पूर्णेच्या खोऱ्यात या हिशेबाला आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात. पहिली म्हणजे खारपाणपट्टा. इथल्या विहिरी आणि कूपनलिकांना पाणी लागले तरी ते अनेक ठिकाणी खारट, पिण्यास अयोग्य असते. त्यामुळे आवारात हातपंप आहे म्हणून पाण्याची सोय झाली असे समजता येत नाही. गोड्या पाण्याचे टँकर कुठून भरायचे आणि ते कोणत्या रस्त्याने यायचे, हे आधीच ठरवावे लागते. दुसरी गोष्ट काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, चिकट होते आणि पाणी मुरू देत नाही. मोकळ्या मैदानावर तंबू ठोकणे किंवा शोषखड्डा खणून शौचालय उभारणे या मातीत फसते. शौचालयाच्या खड्ड्याचा तळ भूजलपातळीच्या किमान दीड मीटर वर असावा, हे मानक ऐन पावसाळ्यात इथे पाळणे अवघड. पक्की शौचालये असलेली इमारत निवडणे आणि कमी पडतील तेवढी फिरती शौचालये मागवणे हाच इथला व्यवहार्य मार्ग आहे.

जागा निवडताना नदीचाही विचार हवा. नांदुऱ्याहून जळगाव जामोदकडे जाताना येरळीजवळ पूर्णा ओलांडावी लागते. पूर चढत असताना लोकांना पुलावरून पलीकडे नेणारा आराखडा धोक्याचा. उत्तर काठच्या गावांची सोय उत्तरेलाच आणि दक्षिण काठची दक्षिणेला, अशी विभागणी केली तर पूल बंद झाला तरी कोणी अडकत नाही. पूर्णेवरील जिगाव धरण प्रकल्पामुळे पुनर्वसन होत असलेल्या गावांच्या याद्या तर दरवर्षी नव्याने कराव्यात. काही कुटुंबे नव्या गावठाणात आणि काही जुन्या गावात असतील, तर जुनी यादी बचाव पथकाला चुकीच्या दारात नेते.

माणसांची जुळवाजुळव

इमारत मिळणे सोपे, ती चालवणारी माणसे मिळणे कठीण. केंद्रप्रमुख म्हणून नायब तहसीलदार किंवा त्याच दर्जाचा अधिकारी नेमावा. त्याच्या हाताखाली नोंदणी, भोजन, आरोग्य, स्वच्छता, साठा आणि सुरक्षा अशी सहा कामे वाटून द्यावीत. तलाठी आणि ग्रामसेवकांना कुटुंबे ओळखीची असतात, म्हणून नोंदणीला त्यांच्यासारखे कोणी नाही. आशा आणि अंगणवाडी सेविकांना गावातल्या गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे आणि क्षयरोगाचे रुग्ण माहीत असतात. महिला पोलीस किंवा महिला होमगार्ड रात्रीच्या पाळीत असलीच पाहिजे. आठ तासांची एक अशा तीन पाळ्या आणि हाताशी थोडी राखीव माणसे एवढी तजवीज नसेल, तर दुसऱ्या दिवशीच कर्मचारी थकून जातात. पूरग्रस्त गावातल्याच शिक्षकाला ड्युटी लावणेही अन्यायाचे, कारण त्याचे स्वतःचे घर पाण्यात असते.

स्वयंसेवकांच्या शिस्तीचा धडा या भागाला दूर जाऊन शिकावा लागत नाही. नांदुऱ्याच्या शेजारच्या शेगावात श्री गजानन महाराज संस्थानचे सेवाधारी पाळीपाळीने सेवेला येतात. प्रत्येकाचे काम आणि जागा ठरलेली असते. रांग, पंगत, भांडी आणि झाडलोट यांची तीच पद्धत निवारा केंद्रालाही लागते.

दार उघडताना

पहिल्या दोन तासांत केंद्राचे भवितव्य ठरते. दारातच नोंदणीचे टेबल हवे. तिथल्या पत्रकात कुटुंबप्रमुखाचे नाव, सोबतची माणसे, गाव आणि मोबाइल यांच्याबरोबर तीन प्रश्न असायलाच हवेत: रोजचे औषध कोणते, कोणी मागे राहिले आहे का आणि गुरे किती. पहिल्या प्रश्नाला इथे विशेष महत्त्व आहे. खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे अनेक रुग्ण आहेत. डायलिसिसचा दिवस चुकला तर जिवावर बेतते. अशा रुग्णाची नोंद होताच त्याच्यासाठी वाहन आणि रुग्णालय ठरवावे लागते.

गुरांचा प्रश्न दुय्यम मानला तर माणसे घर सोडत नाहीत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूर-सांगली भागात चार लाखांहून अधिक लोकांना हलवावे लागले. 2005 च्या पुराचे पाणी जिथे थांबले होते त्याच्या वर ते चढणार नाही या भरवशावर, आणि गोठ्यातल्या जनावरांपायी, अनेक कुटुंबे अखेरच्या घटकेपर्यंत घरातच राहिली. बाजार समितीच्या उघड्या शेडमध्ये दावण बांधून चारा-पाण्याची सोय केली आणि पशुवैद्यक नेमला, तर शेतकरी वेळेवर निघतो.

वेळेवर निघण्याचे मोल ओडिशाने दाखवून दिले आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर बहुउद्देशीय निवारे बांधले, गावोगावी समित्या नेमल्या, रंगीत तालमी घेतल्या. 2019 च्या फनी वादळापूर्वी तिथे सुमारे बारा लाख लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली.

मुक्काम लांबला तर

पुराचे केंद्र काही दिवसांत रिकामे होते, घरे पडली तर तसे होत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या हजारो कुटुंबांनी पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत ऊन-पावसाचे दीर्घ दिवस काढले. रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर जुलै 2023 मध्ये दरड कोसळली तेव्हा वाचलेल्यांना कंटेनरच्या खोल्यांत राहावे लागले. म्हणून मुक्काम लांबणार हे दिसताच प्रत्येक कुटुंबाला आडोसा, स्वयंपाकाची स्वतंत्र जागा आणि मुलांना शाळा मिळाली पाहिजे. माणूस छावणीत आला म्हणून आपली अब्रू दारात ठेवून येत नाही. रांगेत उभे राहून अन्न घेणाऱ्याशी कसे बोलायचे, हेही कर्मचाऱ्यांना शिकवायला हवे.

केंद्र बंद करणे हा कामाचा शेवटचा टप्पा. परतण्यापूर्वी गावातला गाळ काढलेला, पाण्याचे स्रोत शुद्ध केलेले आणि विजेच्या तारा तपासलेल्या असाव्यात. घरांचे पंचनामे सुरू झालेले असावेत, कुटुंबाच्या हाती काही दिवसांचा शिधा असावा. शाळा धुऊन, मोडतोड दुरुस्त करून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावी. काय कमी पडले, कोणते टँकर उशिरा आले, कोणती किल्ली सापडली नाही, याचा अहवाल महिनाभरात लिहून काढावा आणि पुढच्या मे महिन्यातल्या मान्सूनपूर्व बैठकीत त्यावरच चर्चा व्हावी. नांदुऱ्यासारख्या गावाला यासाठी मोठा निधी लागत नाही; लागते ती अद्ययावत यादी, वर्षातून एक रंगीत तालीम आणि ठरलेली जबाबदार माणसे.