मंगळाने दाखवलेली वाट

लग्नाची बोलणी निघाली की मुलीला मंगळ आहे का, हा प्रश्न कुठून तरी येतोच. आपल्या घरांत पत्रिका पाहत नाहीत, तरीही कळव्यापासून उल्हासनगरपर्यंतच्या वस्त्यांत ही कुजबुज आम्ही ऐकली आहे. शेजारचा कोणी बोलून जातो आणि वडीलधारी माणसे धास्तावतात. शिकलेल्या, कमावत्या मुलीची सोयरीक त्यापायी लांबते. म्हणून त्या मंगळाचीच हकिकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. ग्रह कोणत्या वाटेने फिरतात, हे माणसाला कळले ते याच मंगळामुळे.

पूर्वीचे ज्योतिर्विद, मग ते ग्रीक असोत की आपल्याकडचे, ग्रहांचे गणित वर्तुळांवर करीत. पण ग्रह कधी भरभर जातो, कधी रेंगाळतो, कधी मागे फिरल्यासारखा दिसतो. मग एका वर्तुळावर दुसरे वर्तुळ बसवून हिशेब जुळवायचा. कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी गणेश दैवज्ञांनी 1520 साली ‘ग्रहलाघव’ रचला. त्यातही मंदफल आणि शीघ्रफल असे दोन संस्कार आहेत. ते स्वतः आकाश निरखणारे होते, हेही सांगितले पाहिजे. पुढच्यांनी मात्र निरखणे सोडले आणि पोथी तेवढी धरून ठेवली. त्यामुळे चूक साचत गेली.

जर्मनीतला योहान्नेस केप्लर हा भाडोत्री शिपायाचा मुलगा, शिष्यवृत्तीवर शिकलेला. 1600 साली तो प्राग येथे टायको ब्राहे यांच्या हाताखाली लागला. टायकोंनी दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी, नुसत्या डोळ्यांनी, वीसेक वर्षे मंगळाच्या जागा टिपून ठेवल्या होत्या. 1601 मध्ये ते वारले आणि ती टिपणे केप्लरच्या हाती आली. त्याने वर्तुळ धरून गणित मांडले. ते जवळजवळ जुळले, पण काही ठिकाणी आठ कलांचा फरक राहिला. एका अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक म्हणजे कला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा चौथा हिस्सा. दुसऱ्या कोणी हा फरक सोडून दिला असता. केप्लरचा टायकोंच्या टिपणांवर भरवसा होता. त्याने स्वतःचे काही वर्षांचे गणित बाजूला सारले.

मग त्याने जी युक्ती केली ती आपल्यालाही समजेल. मलंगगड कल्याणहून एका दिशेला दिसतो, बदलापूरहून दुसऱ्या. नकाशावर दोन्ही ठिकाणांहून त्या दिशांना रेघा ओढा. त्या छेदतात तिथे गड. मंगळ 687 दिवसांनी आपल्या वाटेवर त्याच जागी परत येतो, पण तोवर पृथ्वी दुसरीकडे असते. म्हणजे एकाच मंगळाकडे दोन ठिकाणांहून पाहिल्यासारखे झाले. अशा रेघा छेदून केप्लरने मंगळाच्या जागा मांडल्या. वाट बाजूंनी किंचित दबलेली निघाली. आधी त्याने अंड्याचा आकार घेऊन पाहिला, तोही बसेना. अखेर लंबवर्तुळ बसले. 1609 साली हे छापून आले. सूर्य मध्यावर नसून एका बाजूला असतो आणि ग्रह त्याच्या जवळ आला की वेग वाढवतो, हेही त्याने दाखवले.

पोटासाठी हाच केप्लर पत्रिकाही करीत असे. पुढे त्याच्या आईवर चेटूक केल्याचा खटला झाला. म्हातारी वर्षभराहून अधिक काळ कैदेत होती. केप्लरने स्वतः बाजू लढवली, तेव्हा 1621 मध्ये ती सुटली.

मुलांना हे घरी करून दाखवावे. पुठ्ठ्यावर दोन टाचण्या 19 मिलिमीटर अंतरावर टोचा. 20 सेंटिमीटर दोऱ्याची दोन टोके त्यांना बांधा आणि पेन्सिलीने दोरा ताणून फिरवा. उमटेल तो मंगळाच्या वाटेचा नमुना, आणि एक टाचणी म्हणजे सूर्य. आकृतीची लांबी 20 सेंटिमीटर, रुंदी जेमतेम एक मिलिमीटरने कमी! एवढ्याशा दबण्यासाठी केप्लर वर्षानुवर्षे झिजला.

मराठीत हे नवे गणित आणले केरूनाना छत्रे यांनी. युरोपातील कोष्टकांच्या आधारे त्यांनी 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. 1865 पासून त्यावरून पटवर्धनी पंचांग निघू लागले. जुन्या गणिताच्या अभिमान्यांशी वाद पुढे बरीच वर्षे चालला.

आमच्यासारख्या कचेरीतल्या माणसांना सरकारी कागदावर शके तारीख दिसते. ती दिनदर्शिका मेघनाद साहा यांच्या समितीने आखली आणि 22 मार्च 1957 पासून लागू झाली. साहा हे ढाक्याकडच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचे पुत्र. जातीचा जाच सोसून ते जगन्मान्य शास्त्रज्ञ झाले. त्या दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने 31 दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन 30 दिवसांचे. कारण तेच, लंबवर्तुळ. जुलैच्या सुमारास पृथ्वी सूर्यापासून 15.2 कोटी किलोमीटर दूर असते आणि सावकाश चालते. जानेवारीत ती 14.7 कोटींवर येते आणि घाई करते. पटत नसेल तर भिंतीवरची दिनदर्शिका काढून मोजा. दिवस-रात्र समान असतात त्या 21 मार्चपासून 23 सप्टेंबरपर्यंत 186 दिवस भरतात, तिथून पुन्हा 21 मार्चपर्यंत 179.