उघड्या दाराची प्रार्थना : मराठी मंडळीच्या तीन दशकांचा मागोवा

मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचा इतिहास 1813 पासून सांगायची रीत आहे. त्या वर्षी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. पुढे अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे ठाणे झाले. 1842 मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. शाळा उघडल्या, चर्च उभी राहिली, पाळक तयार झाले. पण मंडळी उभी राहिली म्हणजे ती मोकळ्या कंठाने देवाशी बोलू लागली, असे होत नाही. त्यासाठी आणखी बराच काळ जावा लागला. 1893 ते 1924 ही तीन दशके मला म्हणूनच फार मोलाची वाटतात. प्रार्थना, भक्ती आणि साक्ष या तिन्ही बाबतींत आपल्या मंडळीला स्वतःचा सूर सापडला तो मुख्यतः याच काळात.

त्याआधीच्या उपासनेत बरेच काही बाहेरून आलेले होते. इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर म्हटली जात. जात्यावरच्या ओव्या आणि देवळातली भजने ऐकत वाढलेल्या माणसांना ती पाठ होत, पण ओठांवर आपसूक येत नसत. नगरच्या कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवी-कीर्तनकारांनी ही अडचण ओळखून ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली होती. त्या वाटेचा हमरस्ता व्हायचा होता.

1893 साली दोन घटना घडल्या. पहिली पुण्यात. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात विधवा आणि निराधार मुली शिकत होत्या. तिथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरलेले होते आणि मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, दार मात्र लावून घेत नसत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. त्यावरून पुण्यात गदारोळ उठला, सल्लागार मंडळातील मान्यवरांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तरी रमाबाईंनी दार लावले नाही. कोणाला ओढून आणायचे नाही आणि आपली भक्ती लपवायचीही नाही, ही त्यांची भूमिका होती. साक्ष कशी द्यावी हा प्रश्न आज आपल्यापुढे येतो, तेव्हा त्या उघड्या दाराइतके स्पष्ट उत्तर मला दुसरे दिसत नाही.

दुसरी घटना आगगाडीत घडली. राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार भेट दिला आणि तो वाचायची विनंती केली. टिळक वाचत गेले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यापायी घर दुभंगले. पत्नी लक्ष्मीबाईंनी काही वर्षे ताटातूट सोसली, अखेर 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. विश्वासाची किंमत घरातल्या माणसांना कशी मोजावी लागते आणि प्रेम त्यातूनही कसे टिकते, हे लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

टिळकांनी मंडळीला दिलेली सर्वांत मोठी देणगी म्हणजे गीते. आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते उघडपणे सांगत. अभंग, ओवी, पद, भजन ही रूपे त्यांना परकी नव्हती, त्यामुळे चर्चमध्ये ती आणताना त्यांना संकोच वाटला नाही. ख्रिस्त त्यांच्या गीतांत गुरू होतो, माउली होतो, सखा होतो. ‘उपासना-संगीत’ हे गीतपुस्तक उघडले की आजही पानोपानी टिळकांचे नाव भेटते. या गीतांनी नुसती चाल बदलली नाही. अक्षर न ओळखणारी शेतमजूर बाईसुद्धा पाठ केलेल्या पदाच्या आधारे प्रार्थना करू लागली. शास्त्र तिच्या घरात गाण्यावाटे शिरले. कीर्तनाच्या निमित्ताने चर्चची पायरी न चढणारा शेजारीही ओट्यावर येऊन बसे आणि येशूची कथा ऐकून जाई.

1912 पासून टिळकांनी ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन केले. तरी त्यांचे समाधान होत नव्हते. 1917 मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, पण ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा तो बंधुभाव असावा, ही त्यांची तळमळ होती. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार बाळसे धरण्याआधीच पोरका झाला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते, ते लक्ष्मीबाईंनी नेटाने पूर्ण केले. पतीच्या पश्चात त्या स्वतः कीर्तनालाही उभ्या राहिल्या.

याच काळात दौंड तालुक्यातल्या केडगावला जे घडले ते प्रार्थनेच्या इतिहासात जगभर नोंदले गेले आहे. 1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो स्त्रिया-मुलींना आसरा दिला. तिथले त्यांचे मुक्ती मिशन हे सुमारे दोन हजार जिवांचे गाव झाले. शेती, विणकाम, शाळा, छापखाना असे सगळे उद्योग तिथे चालत. पोटाला अन्न आणि हाताला काम मिळाले, तरी मने जागी व्हायला हवीत, ही ओढ रमाबाईंना स्वस्थ बसू देईना. जानेवारी 1905 मध्ये त्यांनी खास प्रार्थनेची हाक दिली. सुरुवातीला सत्तरेक जणी रोज सकाळी जमत. सहा महिन्यांत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमू लागल्या. मिनी एब्रम्स या सहकारी बाईंनी विचारले, आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस तरुणी पुढे आल्या. गावोगाव निघण्याआधी त्या पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यासाठी रोज एकत्र प्रार्थना करू लागल्या.

29 जूनला मुलींच्या वसतिगृहात जागृती सुरू झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. एकाएकी मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पापांची कबुली, अश्रू, मग गाणे आणि आनंद हे पुढे कितीतरी दिवस चालले. सगळ्यांनी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करणे अनेकांना खटकले, टीकाही झाली. भारतीय माणसांना आपल्या स्वभावानुसार देवापुढे व्यक्त होऊ द्या, असे रमाबाईंनी ठामपणे लिहिले. मुक्तीतल्या तुकड्या बाहेर पडल्या आणि जागृतीची वार्ता इतर ठिकाणी पोहोचली. एब्रम्स बाईंनी या अनुभवावर लिहिलेली पुस्तिका 1907 मध्ये चिलीतील वाल्पाराइसो शहरात त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीच्या हाती पडली आणि तिथल्या 1909 च्या पेंटेकॉस्टल चळवळीला त्या पुस्तिकेने चालना दिली. दौंड तालुक्यातल्या, जगाने टाकून दिलेल्या मुलींच्या प्रार्थनेचा हा पल्ला आहे.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे बायबल. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या मराठीत आणले. खेड्यातल्या बाईला कोणाची मदत न घेता वाचता यावे, हा हेतू होता. अक्षरजुळणी आणि छपाई मुक्तीतल्या स्त्रियांनीच केली. 1921 मध्ये कन्या मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला आणि 1924 मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.

त्यानंतरची वाट आपल्याला परिचित आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वसईच्या कॅथलिक चर्चमध्ये लॅटिनऐवजी मराठीत मिस्सा होऊ लागली. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ ख्रिस्ती समाजाबाहेरच्या वाचकांनीही आपलेसे केले आणि 2020 मध्ये धाराशिवच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

आज आपल्याजवळ इमारती आहेत, ध्वनियंत्रणा आहे, पडद्यावर गीतांचे शब्द दिसतात. पण प्रार्थना सभेला ठरावीक चेहरे येतात आणि प्रार्थना पाळकांनीच करायची असे आपण गृहीत धरतो. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलांना टिळकांचे पद वाचताही येत नाही. साक्ष म्हटले की कोणाला भीती वाटते, कोणाला वाद आठवतो. त्या तीन दशकांतल्या माणसांची परिस्थिती आपल्याहून सोपी नव्हती. दुष्काळ होता, बहिष्कार होता, घरे तुटत होती. त्यांनी आधी प्रार्थना केली, मग काम हाती घेतले. भुकेल्याला जेवू घातले आणि आपला विश्वास कोणावर न लादता, कोणापासून न लपवता जगून दाखवला. मंडळी वाढते ती अशीच, हा या काळाचा निर्वाळा आहे.

म्हणून प्रिय मंडळी, माझी विनंती साधी आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ कोणाच्या तरी घरी जमू या आणि त्या दिवशी पाळकांना ऐकायला बसवून प्रार्थना आपण करू या. आजवर कधी बोलल्या नाहीत त्या बहिणींना आणि तरुणांना आधी बोलू देऊ या. मुलांना मराठी वाचायला शिकवून दर महिन्याला टिळकांचे एक गीत पाठ करून घेऊ या. शेजारी आजारी असेल तर डबा घेऊन जाऊ या, आणि तो विचारेल तेव्हा आपण कोणावर भरवसा ठेवतो हे त्याला न घाबरता, प्रेमाने सांगू या. केडगावला सुरुवात सत्तर जणींनी केली होती. आपल्या मंडळीत तेवढे लोक नक्कीच आहेत, आणि नसले तरी जितके आहोत तितक्यांनी या रविवारपासून सुरुवात करावी.