उताऱ्यावर बोट ठेव

पहाटे 5.30. चहा उकळेपर्यंत इंग्रजी दैनिकाचं संपादकीय पान चाळते. आजच्या बॅचसाठी साधारण चारशे शब्दांचा उतारा हवा आहे. क्रिकेट नको, निवडणूक नको. त्या विषयांवर मुलांची मतं आधीच ठरलेली असतात आणि मग ती लेखकाचं ऐकत नाहीत. ऊस आणि ठिबक सिंचनावरचा एक लेख सापडतो. प्रश्न पाचच काढते, पण पर्याय रचायला तास जातो. चुकीचा पर्यायही पहिल्या वाचनात खरा वाटला पाहिजे. परीक्षेत तो तसाच येतो.

सकाळी 7.00. पुण्यातल्या नवी पेठेत बँकेच्या परीक्षांची बॅच. मुलं बीड, जालना, यवतमाळ, नंदुरबारकडची. कॉट बेसिसवर राहतात, मेसला जेवतात, उरलेला वेळ अभ्यासिकेत. आयबीपीएसच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न असतात, वेळ 20 मिनिटं आणि चुकलेल्या उत्तरामागे पाव गुण वजा. प्रश्नाला 40 सेकंद. शिवाय प्रत्येक विभागाचा कटऑफ वेगळा, त्यामुळे गणितात पहिला येणारा मुलगाही इंग्रजीपाशी अडतो.

उतारा सोडवून होतो. मागच्या बाकावरची मुलगी हात वर करते.

"मॅडम, तिसऱ्याचं उत्तर चुकीचं वाटतंय. ठिबक केलं तरी पाणी वाचत नाही. आमच्याकडं वाचलेल्या पाण्यावर अजून एकरभर ऊस लावतात."

"तू म्हणतेस ते खरं आहे. पण लेखकानं ते कुठं लिहिलंय? बोट ठेव त्या ओळीवर."

ती शोधते. ओळ सापडत नाही, कारण लेखकानं फक्त एकरी किती पाणी लागतं एवढंच सांगितलं आहे. या एका प्रश्नावर मी मुद्दाम पाऊण तास थांबते. मराठवाड्यातल्या मुलीला पाण्याबद्दल लेखकापेक्षा जास्त कळतं, आणि नेमकं तेच ज्ञान तिचा गुण घालवतं. शिस्त एकच : उत्तराखाली उताऱ्यातली ओळ दाखवता आली पाहिजे. मग सगळ्यांना पेन्सिल घ्यायला सांगते आणि 'मे', 'मोस्ट', 'ओन्ली', 'हाउएव्हर' या शब्दांभोवती गोल करायला लावते. लेखक 'मे रिड्यूस' म्हणतो, पर्यायात 'विल रिड्यूस' असतं, आणि निम्मा वर्ग तिथे घसरतो. कठीण शब्दांची सगळ्यांना भीती वाटते, पण गुण खाणारे शब्द हे असे लहान असतात. 'हाउएव्हर'च्या पुढे तर लेखकाचं खरं म्हणणं सुरू होतं.

सकाळी 10.00. एमपीएससीची बॅच, व्याकरण. 'पाल अँड सुरी' या पुस्तकाची पानं पिवळ्या हायलायटरने रंगलेली, नियम तोंडपाठ. तरी 'युनिव्हर्सिटी'आधी 'ॲन' लागतो, कारण नजर स्पेलिंगवर असते. यावर मी देवनागरी वापरते. शब्द मराठीत लिहा : युनिव्हर्सिटी य-ने सुरू होते, म्हणून 'अ'. एमएलए ए-ने, ऑनेस्ट ऑ-ने, म्हणून 'ॲन'. आपली लिपी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, हा केवढा मोठा फायदा मुलांच्या हातात आहे! तो त्यांना कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. 'सिन्स' आणि 'फॉर'चा घोळही असाच सुटतो. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'चार दिवसांपासून'ही म्हणतो, म्हणून दोन्हीकडे एकच शब्द वापरावासा वाटतो. सोमवार हा आरंभ, तिथे 'सिन्स'. चार दिवस ही मुदत, तिथे 'फॉर'.

दुपारी 12.30. जेवण.

दुपारी 2.00. यूपीएससीवाल्यांचे सारांशलेखनाचे कागद तपासते. मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा अनिवार्य पेपर 300 गुणांचा. त्यात 25 टक्के, म्हणजे 75 गुण मिळवायचे असतात. ते गुण क्रमवारीत धरत नाहीत, पण ते नसतील तर निबंध आणि सामान्य अध्ययनाचे पेपर विचारातच घेतले जात नाहीत. क्रमवारीत धरत नाहीत म्हणून मुलं या पेपराला शेवटच्या आठवड्यात हात लावतात. हा जुगार खेळू नये. सारांश मूळ उताऱ्याच्या एक तृतीयांश हवा, आणि कागदांवर मला दिसतात उताऱ्यातली पहिली चार वाक्यं, जशीच्या तशी, आणि शेवटी स्वतःचं मत. दोन्ही काटते.

दुपारी 4.30. अभ्यासिकेत शंकांचा तास. बँकेच्या बॅचमधला एकजण पुन्हा शब्दांची यादी घेऊन येतो. ती बाजूला ठेवायला सांगते आणि सकाळचाच उतारा मोठ्याने वाचायला लावते. तो अडखळतो, स्वल्पविराम ओलांडून जातो. या राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. हा मुलगा त्यानंतर शाळेत गेला. बारावीपर्यंत इंग्रजीत पास होत आला. पण इंग्रजीचं एक सलग पान त्याच्याकडून कुणी वाचून घेतलं नव्हतं, गाईडमधली उत्तरं पाठ करून भागत होतं. बुद्धी कमी नाही, वाचनाची सवय लागलेली नाही. दुसऱ्यांदा वाचताना तो 'हाउएव्हर'पाशी स्वतःहून थांबतो. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणतो, "मॅडम, म्हणजे लेखक ठिबकच्या बाजूनं नाहीच पूर्ण." बरोबर. पूर्ण नाहीच.

सायंकाळी 6.30. सराव चाचणी, लगेच उत्तरतालिका. चुकलेल्या प्रश्नासमोर फक्त बरोबर पर्याय लिहून चालत नाही, चूक का झाली ते एका ओळीत लिहायचं : घाईत 'नॉट' सुटला, ओळ सापडली नाही, अंदाज मारला. चार अंदाज चुकले की एका बरोबर उत्तराचा गुण गेला.

रात्री 9.00. उद्याचा उतारा शोधायला बसते.

गावोगावी अभ्यासिका चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडे प्रश्नसंच भरपूर आहेत. त्यांच्याजवळ एक इंग्रजी दैनिक लावा आणि दर सकाळी एकाने उभं राहून त्यातला एक परिच्छेद सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचावा, एवढं सुरू करा.