गाडीतला छोटा साक्षीदार

गेल्या मे महिन्यात कोल्हापूरला नातेवाइकांकडचा वलीमा आटोपून आम्ही रत्नागिरीला परतत होतो. आंबा घाट उतरल्यावर साखरप्याच्या अलीकडे एका वळणावर समोरून येणारे मोटारसायकलवाले काका कडेच्या खडीवर घसरून पडले. दुधाची किटली रस्त्यावर आडवी झाली. गाडी बाजूला घेऊन मी धावलो. कोपर खरचटले होते, मोटारसायकलचा आरसा फुटला होता. अल्हम्दुलिल्लाह, त्याहून जास्त काही नव्हते.

"अहो, गाडी अंगावरच आणलीत की!" काका म्हणाले.

"काका, मी माझ्या बाजूनेच होतो. तुम्हीच जोरात आलात," मी ठासून सांगितले. दोन-चार माणसे जमली. माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तेवढ्यात नववीत शिकणारा माझा मुलगा म्हणाला, "अब्बा, कॅमेऱ्यात आले असेल ना? बघू या."

सहलीसाठी घेतलेला छोटा ॲक्शन कॅमेरा त्याने समोरच्या काचेला लावला होता. तिथेच उभ्या उभ्या चित्रण पाहिले. वळणावर रस्त्यामधली अखंड पांढरी रेषा माझ्या बॉनेटखाली गेलेली स्पष्ट दिसत होती. काका आपल्या बाजूने, सावकाश येत होते. मला चुकवण्यासाठीच ते खडीत उतरले होते.

मुलगा माझ्या तोंडाकडे पाहत होता. जमलेल्या माणसांना मोबाइलमधले काही दिसले नव्हते. क्षणभर मोह झाला, हे कबूल करतो. पण मग म्हणालो, "काका, चूक माझी आहे. माफ करा." त्यांना दवाखान्यात नेले, आरशाचे आणि दुधाचे पैसे दिले. निघताना ते एवढेच म्हणाले, "जपून जा, पोरंबाळं आहेत गाडीत."

सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत ईमानवाल्यांना न्यायावर ठाम राहून साक्ष देण्याचा आदेश आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरुद्ध का जाईना. ही आयत मी कितीदा वाचली होती. तिचा अर्थ त्या दिवशी रस्त्यावर उमगला. मी खोटे बोलत नव्हतो, मला खरोखरच तसे वाटत होते. माणसाची खात्री किती कच्ची असते, हे त्या चित्रणाने दाखवले.

म्हणूनच लांबच्या प्रवासात गाडीत कॅमेरा असावा, असे मी आता सर्वांना सांगतो. त्यासाठी बनवलेला डॅशकॅम गाडी सुरू होताच आपोआप चालू होतो, छोटे छोटे भाग साठवतो आणि धक्का बसल्यास तो भाग वेगळा जपून ठेवतो. ॲक्शन कॅमेरा मुळात हेल्मेटवर किंवा सायकलवर लावण्यासाठी असतो. तरी घरात असलाच, तर वर्षातून दोन-तीनदा होणाऱ्या प्रवासाला तो पुरतो. मात्र काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

कॅमेरा आरशाच्या मागे, चालकाच्या नजरेआड येईल असा बसवा. तारीख आणि वेळ आधी तपासा. १०८०पी आणि सेकंदाला ३० फ्रेम एवढे पुरेसे आहे. ६४ जीबीच्या कार्डावर कॅमेऱ्यानुसार साधारण तीन-चार तासांचे चित्रण मावते. जुने पुसून नवे साठवणारी 'लूप' सोय वापरा, पण गोप्रोसारख्या कॅमेऱ्यात ५ मिनिटांचा लूप निवडला तर शेवटची ५ मिनिटेच उरतात. म्हणून मोठा लूप ठेवा, आणि काही घडल्यास लगेच चित्रण थांबवा.

बॅटरी तास-दीड तासात संपते, त्यामुळे गाडीतल्या चार्जरची वायर जोडावी लागते. गाडी बंद करण्याआधी कॅमेरा बंद करा, नाहीतर वीज तुटून फाइल बिघडू शकते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा ठेवू नका. तापलेल्या काचेमागे तो बंद पडतो आणि बॅटरीही खराब होते.

अपघात गंभीर असेल तर आधी माणूस, मग चित्रण. १०८ किंवा ११२ ला फोन करा. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. मूळ कार्ड काढून जपून ठेवा, कारण व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीची गुणवत्ता घटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रण न्यायालयात देताना ठरावीक प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी वकिलाचा सल्ला घ्या.

आणखी एक गोष्ट. आमच्या कॅमेऱ्याचा आवाज आता आम्ही बंद ठेवतो. गाडीत घरातल्या बायका मोकळेपणाने बोलतात, सासर-माहेरच्या गोष्टी निघतात. आपसातले बोलणे ही अमानत आहे, ती कार्डावर कशाला साठवायची? तसेच जखमी माणसाचे किंवा दुसऱ्याच्या चुकीचे चित्रण ग्रुपवर फिरवू नये. सूरह अल्-हुजुरातमध्ये दुसऱ्याचे दोष हुडकत राहण्याची आणि पाठीमागे निंदा करण्याची मनाई आहे. मोबाइलवरून केली म्हणून ती निंदा वेगळी ठरत नाही. सुखरूप घरी पोहोचलो की आम्ही सगळे चित्रण पुसून टाकतो.

आता सफरची दुआ पढून निघताना मुलगा कॅमेरा चालू करतो आणि हसून म्हणतो, "अब्बा, साक्षीदार जागा आहे." वळण आले की माझे चाक आपोआप डावीकडे राहते.